पेटीचा ताप

आता सगळं निभावलंय म्हणून सांगते. नाहीतर त्या नऊ दिवसांत माझ्यासमोर कुणी पेटीचं नाव जरी काढलं असतं, तरी मी अंगावर धावून गेले असते. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरात म्हणतात. म्हणू देत. नऊ दिवस पोटच्या पोरीची खबर नाही आणि तरी गोड बोलणारी आई कुणाला भेटली, तर मला दाखवा एकदा.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर एक फळी आहे. त्या फळीवर पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर असतो. पडदा नाही, बटणं नाहीत, नुसती हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन आणि एक लुकलुकणारा दिवा. तो माझ्या नणंदेचा. नणंद कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि मागच्या खोलीत आमच्याकडेच राहते. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, तरी मी तिला वन्सं म्हणते. तिला ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

तर काही काही ठिकाणी वरून नेट आवळतात. इकडे बोलायचं नाही, तिकडे बघायचं नाही. तिथल्या माणसाला बाहेर निरोप धाडायचा असला तर तो अशा पेट्यांतून जातो. एका अनोळखी घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. पहिल्या पेटीला कळतं कुणी दिला, पण कुणाकडे चाललाय ते नाही. शेवटचीला कळतं कुणाकडे चाललाय, पण कुणी दिला ते नाही. मधलीला तर कशाचाच पत्ता नाही. आणि निरोपात काय आहे ते तिघींपैकी कुणीच वाचायचं नाही. आमची पेटी पहिल्या जागेवरची. तिचा पत्ता कुठे छापलेला नसतो, बंद शहरातल्या माणसाने मागितला तर गुपचूप हातात पडतो. वन्सं हे सगळं हौसेने करते. कुणी विचारलं तर म्हणते, पाणपोईला कारण लागतं का?

मला मात्र ते चटकन समजलं, कारण मी बावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजवर काढली आहेत. या भोकातली वायर त्या भोकात, फोन लागला की चावी वर आणि कान बाजूला. ऐकायचं नाही. मी एकदाच ऐकलं होतं. पलीकडच्या बाईला तिचा माणूस गेल्याचं कुणीतरी सांगत होतं. चार दिवस मला घास गोड लागला नाही. पुन्हा म्हणून कान ठेवला नाही.

आमची लेक नर्स आहे. घरात तिला भिंगरी म्हणतो, कारण एका जागी कधी बसली नाही. तीन वर्षांपूर्वी लांबच्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात लागली. गेल्या महिन्यात तिथे गडबड सुरू झाली. आधी रस्ते बंद, मग फोन बंद, मग नेट आवळलं. वन्संने शहाणपणा केला होता, आधीच भिंगरीला आपल्या पेटीचा पत्ता देऊन ठेवला होता. त्या वाटेने तिचा निरोप आला. ‘बरी आहे. सगळ्या हॉस्पिटलातच झोपतो. दुपारी दोनला तासभर जनरेटर लावतात, तेव्हा रोज निरोप टाकत जाईन. काळजी करू नका.’

त्यानंतर नऊ दिवस काही नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दोन ते तीन फोन मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी वन्संच्या मागे लागले, की बघ बाई, दोष तिकडचा आहे की आपल्या पेटीचा. कारण तिकडचा असला तर मला काय काय वाटायला लागलं होतं ते सांगत नाही. पेटीचा असावा म्हणून मी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते.

वन्संने लॅपटॉप उघडून पेटीचा ताप बघितला. चौऱ्याऐंशी.

“चौऱ्याऐंशी म्हणजे?”

“म्हणजे हात लावलास तर फोड येईल. ऐंशीच्या वर गेली की ती आपणहून धीमी होते, जळू नये म्हणून. उन्हात ओझं घेऊन चढण चढणारा माणूस जसा मधेच टेकतो ना, तशी. मग निरोप अर्ध्यात लटकतात आणि तुटतात.”

“आणि ही दुपारीच का तापते?”

“पॅसेजला दुपारचं ऊन. त्यात माणसं वाढली आहेत. आधी आठ-सोळा असायची, आता चाळीसच्या आसपास. प्रत्येकाचा निरोप कुलपात घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, त्याचीच सगळी मेहनत आहे.”

ऐकून मला कसं हलकं वाटलं! पेटीचाच दोष. म्हणजे माझी पोरगी तिकडे ठीक असेल. पण ही पुरती खात्री नव्हती, नुसता आशेला टेकू होता, आणि दोन दिवसांत तो निसटला. कारण वन्संने काय काय केलं तरी आकडा हलेना. तिने पेटीतली बाकीची फालतू कामं बंद केली. वेगाला वेसण घातली. ताप एक्क्याऐंशीवर आला, पण निरोपही मुंगीच्या पावलाने जायला लागले. मी टेबलफॅन आणून पेटीसमोर लावला. खिडकीला जुनी चादर टांगली. पॅसेज अंधारा झाला आणि आमचे हे तीनदा चपलांत अडखळले.

आमच्या ह्यांचं आता सांगते. हे शाळेत हस्तकला शिकवायचे. हात असा की कागद कापला तर कडेला सूत सुटणार नाही. भिंगरीचा तो शेवटचा निरोप आला, त्याच दिवशी ह्यांनी पेटीची सेवा केली होती. वन्संने ॲल्युमिनियमचा एक ठोकळा मागवला होता, वर कंगव्यासारखे दाते आणि खाली चिकटवायची मऊ गादी. तो मधल्या काळ्या चौकोनावर बसवला की आतली आग दात्यांतून बाहेर पडते म्हणे. ह्यांनी तो बसवला, भोवती पातळ लाकडाचं सुंदर घर केलं, झाकणाला खाच पाडून दाते वर काढले, चार स्क्रू मारले. कौतुक करावं असंच काम होतं. मीही केलं, खोटं कशाला बोलू.

आणि रोज दुपारी हे पेटीजवळ जायचे, दात्यांवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “बघा, गारेगार! माझ्या कामात खोट नाही. तुमचं ते आतलं काहीतरी बिघडलंय.”

“दादा, आत चौऱ्याऐंशी आहे,” वन्सं म्हणायची.

“मग तुझा आकडा खोटा बोलतोय. बोट खोटं बोलत नाही.”

पाचव्या दिवशी तर ह्यांनी पेटी फ्रिजमध्ये ठेवायचा बेत काढला. भाजीच्या कप्प्यात जागा करून आले सुद्धा. वन्सं केवढ्यांदा ओरडली! “आत घाम धरेल दादा, पाण्याचे थेंब साचतील आणि कायमची बसेल! आगीतून फुफाट्यात!” ह्यांनी निमूटपणे भोपळा परत कप्प्यात ठेवला.

सहाव्या दिवशी माझा तोल गेला. दोन वाजून गेले, अडीच झाले, फोन मुका. मी उठले आणि वन्संसमोर जाऊन उभी राहिले.

“बाकीच्यांना काढ बाहेर.”

“कुठल्या बाकीच्यांना?”

“ती चाळीस माणसं. कोण कुठली! पेटी आपली, फळी आपली, वीज आपली, आणि आपल्याच पोरीला जागा नाही? एकटीला तिला वाट मोकळी करून दे.”

“वहिनी, कोण कोण आहे ते पेटी मला दाखवत नाही. कितीजण आहेत तेसुद्धा पेटी नेमकं सांगत नाही, आठाआठाच्या ढिगात सांगते. त्यात भिंगरी आहे की नाही, देव जाणे.”

“मग एकेकाला काढून बघ.”

“आणि पहिली तीच निघाली तर?”

ती हळू आवाजात म्हणाली, “आणि एकटीच उरली, तर तिकडून बघणाऱ्याला कळेल ना, की ही एक बाई कुठेतरी रोज दोनला निरोप धाडते. गर्दी आहे म्हणून ती झाकलेली आहे. ती माणसं तिच्या वाटेत नाहीत वहिनी, तिच्या भोवती आहेत.”

खरं होतं. एक्सचेंजवर बावीस वर्षं काढलेल्या बाईला हे समजत नव्हतं असं नाही. पण नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईला समजून घ्यायचं नव्हतं. आणि मग जे तोंडातून गेलं ते मी आजही परत घ्यायला तयार आहे, पण बोललेलं परत येतं कुठे? मी म्हणाले, “तुला पोटचं पोर असतं तर असं बोलली नसतीस.”

वन्संने लॅपटॉप मिटला आणि मागच्या खोलीत गेली. हे माझ्याकडे बघत राहिले. मीही स्वयंपाकघरात जाऊन उगाच सगळी भांडी खाली काढून पुन्हा घासली.

त्यानंतरचे दोन दिवस घरात तिघं माणसं आणि शब्द चार. वन्सं मात्र सकाळसंध्याकाळ पेटीशी बसायचीच. तिने अबोला माझ्याशी धरला होता, भिंगरीशी नव्हता.

नवव्या दिवशी दीड वाजता मी पॅसेजमध्ये झाडू मारत होते. हे नेहमीप्रमाणे आले, बोट ठेवलं, म्हणाले, “गार!” आणि निघाले. वन्सं जमिनीवर बसून आकडा वाचत होती, चौऱ्याऐंशी. मी मधे उभी. इकडे गार, तिकडे चौऱ्याऐंशी, इकडे गार, तिकडे चौऱ्याऐंशी. इतके दिवस दोघं हेच बोलत होते आणि मी ऐकत होते. माझं डोकं म्हणजे पालथा घडा!

मी झाडू टाकला. “अहो, थांबा. खाली चूल भडकलेली आणि वर पातेलं गार, असं कधी होतं का?”

“म्हणजे?”

“म्हणजे पातेलं चुलीवर बसलेलंच नाही!”

वन्संने मान वर केली. दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मला हसू आलं असतं, एरवी असतं तर. “वहिनी,” ती म्हणाली, “उघडायला हवं. पण उघडायचं तर पेटी बंद करावी लागेल. आणि दोन वाजायला पंचवीस मिनिटं आहेत.”

“उघड.”

“वेळेत परत चालू झाली नाही तर?”

“तशीही चालूच कुठे आहे? उघड म्हणते ना!”

तिने पेटी बंद केली. ह्यांनी स्क्रू काढले. ज्या हाताने कागद कापला तर सूत सुटत नाही, त्या हातातून एक स्क्रू चपलांत पडला आणि मी ओणवी होऊन शोधून दिला. झाकण उचलल्याबरोबर ठोकळा झाकणाबरोबर वर आला. चिकटलेलाच नव्हता. खाचेत नुसता लोंबत होता. वन्संने तो उलटा केला. खाली मऊ गादी, आणि गादीवर निळ्या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, जसाच्या तसा.

कुणाचं काम ते विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरात हे एक सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यांच्या फोनच्या काचेवरचं प्लास्टिक चार वर्षं झाली तरी तिथेच आहे, बुडबुड्यांसकट. फ्रिजच्या मुठीवर आहे. मिक्सरच्या बटणांवर आहे, आकडे वाचता येत नाहीत. सोफ्यावरचं मी एकदा ओढून काढलं तर हे त्या रात्री जेवले नाहीत. नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे. ह्यांच्या मनात लबाडी नव्हती, आळसही नव्हता. जिवापाड जपलं, एवढंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

“वस्तू खराब होऊ नये म्हणून...” हे पुटपुटले आणि चपला काढायच्या स्टुलावर खाली बसले. “नऊ दिवस. माझ्यामुळे पोरगी तिकडे...” आणि हे बाहीने डोळे पुसायला लागले.

कुणी सांगितलं असतं की त्या क्षणी मी ह्यांच्यावर तुटून पडले, तर मीही विश्वास ठेवला असता. पण मला राग आलाच नाही. मला इतकं मोकळं वाटलं, इतकं मोकळं! दोष प्लास्टिकचा. त्या शहराचा नाही, रस्त्यांचा नाही, माझ्या मनात रोज दुपारी उठायचं त्यातल्या कशाचाही नाही. मी ह्यांच्या डोक्यावर टपली मारली. “अहो, रडता काय? निदान हा तरी पापुद्रा आता काढू द्याल ना?”

हे रडता रडता हसले. वन्संने पापुद्रा ओढला, गादी पुसली, ठोकळा चौकोनावर ठेवून अंगठ्याने दाबून धरला, साठ मोजेपर्यंत. मी मोठ्याने मोजत होते, दोन दिवसांनी तिच्याबरोबर काही करायला मिळालं म्हणून साठच्या पुढेही गेले असते. दोनला चार मिनिटं असताना दिवा लुकलुकला.

“किती?” मी विचारलं.

“एकोणपन्नास. पण आत्ताच चालू झालीये.”

दोन वाजले. चौपन्न. माणसं यायला लागली, आठ, सोळा, चोवीस. अठ्ठावन्न. ह्यांनी दाते चाचपले आणि बोट झटकन मागे घेतलं. “तापले!” हे ओरडले, आणि आम्ही तिघं बक्षीस लागल्यासारखे हसलो. चाळीस माणसं झाली. एकसष्ट. वन्संने घातलेली वेसण सैल केली, निरोप धो धो जायला लागले. बासष्ट. आणि तिथेच टेकली.

पेटी बरी झाली होती. आता खरी परीक्षा. आता फोन वाजला नाही, तर दोष द्यायला पेटी उरली नव्हती.

सव्वादोन. दोन पंचवीस. हे स्टुलावर, मी जमिनीवर, वन्सं लॅपटॉपसमोर. मी म्हणाले, “त्या दिवशी मी बोलले ते...”

“असू दे वहिनी.”

“असू दे कसं? जिभेला हाड नाही माझ्या. भिंगरीला लहानपणी अंगावर घेऊन कोण झोपायचं ते मला माहीत नाही का? मी चुकले.”

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. अडीच. दोन चाळीस. दोन पन्नास. जनरेटर तासभरच असतो, तिघांनाही ठाऊक होतं.

दोन छप्पनला फोन थरथरला.

चष्मा कपाळावर होता आणि मी तो जमिनीवर शोधत होते. शेवटी वन्संने मोठ्याने वाचलं.

‘आई, बाबा, आत्या, मी धडधाकट आहे. ओरखडासुद्धा नाही. रोज लावत होते, पेटी लागायची आणि दम सोडायची. आज काय जादू केलीत? आत्या, रागावू नकोस, तुला न विचारता मी पत्ता वॉर्डात सगळ्यांना दिला. नर्सेस, पेशंट, एक आजोबाही आहेत. घरी कळवायला कुणाकडेच वाट नव्हती गं. आम्ही नंबर लावतो. बाळंतिणी आधी, मग ज्यांचं घरी कुणी आजारी आहे ते. मी रोज शेवटी. बाकीच्यांच्या घरी काहीच कळत नसतं. माझ्या घरचे तर पेटीपाशीच बसलेले असणार. आज पहिल्यांदा सगळ्यांचे गेले.’

माझा जीव भांड्यात पडला. हे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वन्सं वाचायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. दोघींच्या मनात एकच. कोण कुठली म्हणून मी ज्यांना बाहेर काढायला निघाले होते, ती चाळीस माणसं माझ्या पोरीने हात धरून आत आणली होती.

“वन्सं,” मी म्हणाले, “तू माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस.”

“तीन मिनिटं आहेत वहिनी. काय लिहू?”

नऊ दिवस मी मनात किती वाक्यं जुळवली होती. जेवतेस का, झोपतेस का, उद्यापासून आधी स्वतःचा निरोप टाकत जा, मग बाकीच्यांचे. ते शेवटचं तर अगदी जिभेवर आलं होतं. मी फोन तिच्याकडून घेतला, चष्मा सापडला होता, आणि एका बोटाने स्वतःच लिहिलं.

‘उद्याही शेवटीच लाव. आम्ही बसलोय.’